सामानाच्या बेल्टपाशी: पहिल्यांदा विमानातून उतरणाऱ्यांसाठी

विमानात पट्टा कसा बांधायचा, ऑक्सिजनचा मास्क कसा ओढायचा, लाइफ जॅकेट कधी फुगवायचं हे सगळं साग्रसंगीत करून दाखवतात. त्यातलं बरंचसं करायची वेळ बहुतेकांवर आयुष्यात येत नाही. उतरल्यावर सामान घ्यायची वेळ मात्र दर प्रवासात येते, आणि तिथे कसं वागायचं ते कोणीच सांगत नाही. मग एरवी चारचौघांत नीट वागणारी माणसं बेल्टपाशी पोचली की एकमेकांच्या टाचांवर ट्रॉली घालतात.

या सगळ्या रेटारेटीच्या मुळाशी एकच भीती असते. बॅग समोरून गेली आणि आपण पकडली नाही, तर गेलीच ती! पण ती जात नाही. बेल्ट गोल फिरतो. पुढे गेलेली बॅग फेरी मारून पुन्हा तुमच्यासमोर येते, आणि कोणी उचललीच नाही तर येतच राहते. एवढं डोक्यात पक्कं बसलं की खाली सांगितलेल्या निम्म्या गोष्टी न सांगता जमतात.

१. सुरुवात बॅग भरतानाच

बेल्टपाशी होणारा बराचसा त्रास आपण घरूनच भरून आणलेला असतो.

आधी वजन. बऱ्याच विमान कंपन्या इकॉनॉमी वर्गात एका बॅगेला २३ किलोपर्यंत मुभा देतात. जास्तीचे पैसे मोजले तरी एकच बॅग ३२ किलोच्या वर सहसा जाऊ देत नाहीत, कारण ती हातांनी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या कमरेचा प्रश्न असतो. तोच हिशेब स्वतःच्या कमरेसाठी करा. स्थिर जमिनीवरून बॅग उचलणं वेगळं आणि सरकत्या बेल्टवरून, दोन्ही बाजूंना माणसं असताना उचलणं वेगळं. भरलेली बॅग एका दमात पलंगावर ठेवता येत नसेल तर ती दोन बॅगांत वाटा. नाहीतर बेल्टवर ती तुम्हाला ओढत नेणार, आणि वाटेतल्या चार जणांना तुम्ही ढकलत जाणार.

मग ओळख. कुठल्याही बेल्टवर पाहा, काळ्या, गडद निळ्या आणि राखाडी बॅगांची रांगच्या रांग चाललेली असते. आपल्या बॅगेला लांबून ओळखू येईल अशी खूण हवी: रुंद रंगीत पट्टा, मोठा स्टिकर, मुठीला घट्ट गुंडाळलेलं भडक कापड. लांब लोंबणारी रिबन नको, ती कुठेतरी अडकते आणि तुटते. आणि खूण एकाच बाजूला करून थांबू नका. बॅग बेल्टवर कोणत्या कुशीवर येऊन पडेल याचा नेम नसतो. तोंडावर पडलेली बॅग पाठीमागून ओळखता आली पाहिजे.

जुने टॅग काढून टाका, आणि मागच्या प्रवासात बॅगेच्या अंगावर चिकटवलेले छोटे बारकोडही. हे फार थोडे लोक करतात. टॅगवर दहा आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे आणि उरलेले सहा त्या बॅगेचे. चेक-इनच्या काउंटरमागे बॅग दिसेनाशी झाली की यंत्रं हाच बारकोड वाचून तिला योग्य विमानाकडे वळवतात. दोन वेगळे बारकोड दिसले तर बॅग बाजूला काढून माणसाला तपासावी लागते, आणि तेवढ्यात विमान सुटू शकतं.

नाव आणि फोन नंबर बाहेरच्या चिठ्ठीवर तर हवाच, पण एक कागद बॅगेच्या आतही ठेवा, उघडल्याबरोबर दिसेल असा. बाहेरची चिठ्ठी तुटून पडली तर मालकापर्यंत पोचायला तोच कागद कामी येतो. बाहेरच्या बाजूला घराचा पूर्ण पत्ता लिहायची गरज नाही. हे घर सध्या रिकामं आहे, असं जगाला कशाला सांगायचं?

औषधं, चाव्या, कागदपत्रं, दागिने हातातल्या पिशवीत. पॉवर बँकही हातातच, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाहीत. हे सांगायचं कारण नुसता नियम नाही. ज्याच्या बॅगेत रात्रीची औषधं आहेत तो माणूस बेल्टपाशी शांत उभा राहूच शकत नाही.

शेवटी बॅगेचा एक फोटो. त्याचा उपयोग पुढे येईल.

२. चेक-इनला एक नजर आणि एक प्रश्न

काउंटरवरचा माणूस टॅग लावत असताना फोनमध्ये डोकं घालू नका. टॅगवर विमानतळाचा तीन अक्षरी कोड मोठ्या ठशात असतो. तो तुम्ही जाताय तिथलाच आहे ना, एवढं पाहा. टॅगचा एक छोटा तुकडा तुम्हाला देतात किंवा बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात. ती तुमच्या बॅगेची पावती. बाहेर पडेपर्यंत ती जपा. बोर्डिंग पास आसनाच्या खिशात ठेवून उतरणारे लोक नेमकी हीच पावती मागे सोडतात.

मधे विमान बदलायचं असेल तर एक प्रश्न विचाराच: "बॅग शेवटपर्यंत जाईल, की मधे उतरवून घ्यावी लागेल?" उत्तर दर वेळी एकच नसतं. उदाहरणार्थ, अमेरिकेत बाहेरून आल्यावर पहिल्याच विमानतळावर बहुधा बॅग घेऊन, कस्टम्समधून नेऊन, पुन्हा द्यावी लागते, मग टॅगवर शेवटच्या शहराचा कोड का असेना. हे ठाऊक नसलेला प्रवासी बेल्टकडे न फिरकता पुढच्या विमानाकडे धावतो आणि बॅग मागे फिरत राहते.

३. उतरल्यावर घाई नको

विमानाची चाकं थांबली की लोक उभे राहतात, दार उघडलं की पळतात, आणि बेल्टपाशी पोचून रिकाम्या पट्ट्याकडे बघत बसतात. त्या वेळात तिकडे काय चाललेलं असतं ते पाहा. विमानाचं पोट उघडायचं. छोट्या विमानातल्या बॅगा एकेक करून हातांनी काढायच्या, मोठ्या विमानातले बॅगांनी भरलेले पेटारे यंत्राने उतरवायचे. मग गाड्यांची माळ ओढत इमारतीपर्यंत आणायची, आणि तिथे पुन्हा एकेक बॅग बेल्टवर टाकायची. तुम्ही धावत आल्याने यातलं काहीच लवकर होत नाही.

सगळ्यात आधी चेक-इन केलं म्हणून बॅग आधी येते असंही नाही, आणि आधी केलं म्हणून शेवटी येते हेही खरं नाही. कोणत्या गाडीत, कोणत्या पेटाऱ्यात, कोणत्या थरात ती पडली यावर सगळं अवलंबून. 'प्रायॉरिटी' असा टॅग असलेल्या बॅगा आधी याव्यात असा संकेत आहे. तो पाळला जातोच असं नाही, त्यावर तिथे हुज्जत घालून उपयोगही नाही.

तेव्हा वाटेतच स्वच्छतागृह उरकून घ्या. घरच्यांना "पोचलो" असा फोन चालता चालता करा. बेल्टपाशी स्पीकर लावून करू नका.

ह्यूस्टन विमानतळाचा एक किस्सा या व्यवसायातले लोक हमखास सांगतात. सामानाला फार वेळ लागतो अशा तक्रारी येत होत्या. माणसं वाढवली, वेळ कमी केला, तरी तक्रारी चालूच. शेवटी विमानं लांबच्या गेटवर लावली आणि बॅगा दूरच्या बेल्टवर सोडल्या. प्रवाशांना सहापट चालावं लागलं, ते पोचेपर्यंत बॅगा आलेल्या असत आणि तक्रारी जवळपास थांबल्या. म्हणजे आपल्याला छळतो तो वेळ नव्हे, उभं राहणं. लांबलचक कॉरिडॉरमधून चालताना कुरकुर करू नका. ते चालणं तुमच्या सोयीचंच आहे.

हॉलमध्ये शिरताच स्क्रीन बघा. फ्लाइट नंबर जुळत नसेल तर घाबरू नका. एकाच विमानावर दोन-तीन कंपन्या आपापल्या नंबरने तिकिटं विकतात, आणि स्क्रीनवर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचाच नंबर असू शकतो. कुठून आलो ते शहर आणि वेळ जुळली की झालं. एका बेल्टवर दोन विमानांचं सामानही येतं, म्हणून पहिल्या बॅगा आपल्या सहप्रवाशांच्या दिसल्या नाहीत तरी जागा सोडून पळू नका. आणि अधूनमधून स्क्रीनकडे नजर असू द्या, बेल्ट ऐन वेळी बदलतात.

४. उभं कुठे राहायचं

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि सांगायला सगळ्यात सोपा. बेल्टपासून दोन मोठी पावलं मागे.

काही विमानतळांवर बेल्टभोवती जमिनीवर पिवळी रेघ असते. तिच्या मागे थांबा. रेघ नसेल तर ती आहे असं समजा. सगळे दोन पावलं मागे असले तर काय होतं? प्रत्येकाला पूर्ण बेल्ट दिसतो. ज्याची बॅग येते तो पुढे होतो, उचलतो, मागे येतो. पुन्हा सगळ्यांना सगळं दिसतं. पण एक माणूस गुडघे बेल्टला टेकवून उभा राहिला की शेजारच्याला दिसेनासं होतं, तो पुढे सरकतो, मग त्याच्या शेजारचा, आणि दोन मिनिटांत बेल्टभोवती माणसांची भिंत उभी राहते. आता मागच्याला बॅग दिसली तरी हात पोचत नाही, आणि पुढच्याला बॅग मिळाली तरी ती घेऊन बाहेर पडायला वाट नाही. पुढे उभं राहून कोणाचीच बॅग लवकर आलेली नसते.

आपण एकटेच मागे थांबलो तर? थांबा. एक-दोन माणसं मागे उभी दिसली की नव्याने येणारे त्यांच्याच ओळीत थांबतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. आणि कोणी थेट तुमच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं तर त्रागा करू नका. "बॅग आली की मला जरा पुढे यावं लागेल हं," एवढं आधीच सांगून ठेवा. बहुतेक जण ओशाळून मागे होतात. न होणाऱ्यांना निदान तुम्ही येणार हे कळलेलं असतं.

ज्या तोंडातून बॅगा बाहेर पडतात तिथे तोबा गर्दी असते. बॅग पहिल्यांदा आपल्याला दिसावी यापलीकडे तिथे उभं राहण्यात काही मिळत नाही. बेल्टच्या लांबच्या वळणापाशी जा. तिथे माणसं कमी असतात, येणारी बॅग बराच वेळ आधी दिसते आणि उचलायला ऐसपैस जागा मिळते.

कुटुंब पाच जणांचं असलं तरी बेल्टपाशी एक जण पुरे, फार तर दोन. बाकीच्यांनी ट्रॉली आणि हातातलं सामान घेऊन भिंतीशी किंवा खांबाशी थांबावं. आजी, आजोबा, दोन मुलं आणि आडवी ट्रॉली अशी पूर्ण फौज बेल्टला लावायची गरज नसते. ट्रॉली तर अजिबातच पुढे नको. तीही मागे ठेवा, चाकांना ब्रेक लागलेला असू द्या आणि दांड्याला कोणाचा तरी हात असू द्या.

मुलांचं वेगळं सांगतो. मुलांना बेल्ट म्हणजे खेळणं वाटतं, आणि ते वाटणारच. पण पट्टीवर पट्टी चढलेल्या त्या बेल्टच्या फटींत बोटं, चपला, फ्रॉकची टोकं अडकू शकतात, आणि रबरी पडद्यापलीकडे यंत्रं असतात. मूल बेल्टच्या कडेवर उभं करून फोटो काढणारे आईबाप दिसले की माझा जीव खालीवर होतो. मुलांना काम द्या: "लाल पट्ट्याची बॅग दिसली की मला सांग, पण इथूनच." मोठ्या माणसांनीही बेल्टच्या कडेवर बसू नये, पाय ठेवू नये, पिशवी टेकवू नये. दिवा लुकलुकला किंवा भोंगा वाजला की पट्टा सुरू होतो, आणि तुमची पिशवी प्रवासाला निघते.

५. बॅग आली. आता?

लांबून दिसल्यावर लगेच झेप घेऊ नका. ती तुमच्या समोर यायच्या थोडं आधी, "जरा येऊ द्या" म्हणत पुढे व्हा. बॅग तुमच्याकडे येत असताना हात घाला, निघून जात असताना नाही. मुठीला धरा, ओढायच्या दांड्याला धरून उचललं तर दांडाच हातात येतो. बेल्टबरोबर एक-दोन पावलं चाला, म्हणजे बॅग तुम्हाला खेचत नाही. एक हात बाजूच्या मुठीला, दुसरा खाली, गुडघे किंचित वाकवलेले. आधी कडेवर ओढा, मग जमिनीवर.

बेल्ट दोन तऱ्हेचे असतात. सपाट बेल्टवर बॅगा तुमच्या गुडघ्याच्या उंचीने आडव्या सरकत जातात, तिथे ओढून घेता येतं. उताराच्या बेल्टवर बॅगा वरून घसरत येऊन खालच्या कडेला टेकतात, एकमेकींवर चढतात. तिथे तुमच्या बॅगेवर दुसऱ्याची बॅग असली तर आधी ती सरळ करून बाजूला करा आणि मग आपली काढा. खालून हिसडा मारलात तर वरची बॅग शेजारच्याच्या पायावर पडेल.

उचलल्यावर बॅग झोकात मागे फिरवायची अनेकांना सवय असते. मागे कोणीतरी उभं असतं, आणि बॅगेची उंची बरोबर लहान मुलाच्या तोंडाएवढी. सरळ मागे या, मग वळा.

हात चुकला? सोडून द्या. बॅगेमागे माणसं सारत धावणं हा बेल्टपाशी दिसणारा सगळ्यात केविलवाणा प्रकार आहे. ती फेरी मारून येतेच. फारच घाई असेल तर गर्दीच्या मागून पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत चालत जा. माणसं आणि बेल्ट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून घुसू नका.

आणि आता ती एक गोष्ट, जी केली तर पुढचे सगळे घोळ टळतात. बॅग जमिनीवर टेकताच टॅग वाचा. नाव असतं ते बघा, किंवा शेवटचे चार आकडे पावतीशी ताडून पाहा. पाच सेकंदांचं काम. "आपली बॅग आपण ओळखत नाही का," असं प्रत्येकाला वाटतं, आणि त्याच भरवशावर माणसं दुसऱ्याचे कपडे घेऊन घरी जातात.

बॅग दुसऱ्याची निघाली तर ती परत बेल्टवर ठेवा, मूठ बाहेरच्या बाजूला करून, आडवी, नीट. जमिनीवर तशीच टाकून जाऊ नका. तिचा मालक बेल्टकडे डोळे लावून बसलेला असतो, मागे तुमच्या पायाशी तो कशाला बघेल?

६. दुसऱ्याला मदत

मदत करावी, पण विचारून. एका म्हाताऱ्या बाई बेल्टपाशी उभ्या होत्या, बॅग त्यांच्यासमोरून दोनदा गेली, दोन्ही वेळा मुठीला हात लागून सुटला. शेजारच्या तरुणाने पुढचा-मागचा विचार न करता आलेली काळी बॅग उचलून त्यांच्यापुढे ठेवली. बाई म्हणाल्या, "ही नाही रे बाबा." मग दुसरी. तीही नाही. तोवर पहिल्या बॅगेचा मालक पलीकडून हात हलवत आला, आवाज चढवतच. त्या तरुणाने एकच प्रश्न आधी विचारायला हवा होता: "आजी, तुमची कोणती? काही खूण आहे का?"

हे उलट बाजूनेही लागू. मदत हवी असेल तर मोकळेपणाने मागा, आणि मागताना खूण सांगा. "ती हिरव्या पट्ट्याची, आत्ता वळणावर आहे ती," असं सांगितलं की उचलणाऱ्याला तयारीला वेळ मिळतो. बॅग समोर आल्यावर "ही, ही, ही!" ओरडण्यात दोघांचीही तारांबळ उडते.

मदतीची एक जागा मात्र अशी आहे जिथे नाही म्हणायचं. "माझं सामान जास्त झालंय, ही एक पिशवी तुमच्याबरोबर कस्टम्समधून घेऊन जाता का?" कोणीही, कितीही गरीब चेहरा करून विचारलं तरी नाही. तुमच्या ट्रॉलीवर जे आहे ते तुमचं, असंच कस्टम्सचा अधिकारी धरून चालतो. माफ करा म्हणावं आणि पुढे व्हावं.

७. बॅग मिळाली की निघा

बेल्टला लागून उभं राहून स्वेटर काढणं, पिशव्या एकात एक घालणं, टॅक्सी शोधणं नको. सामान ट्रॉलीवर चढवा, दहा-पंधरा पावलं दूर जा, मग काय ते करा. मोठी बॅग खाली, लहान वर, आणि समोरचं दिसेल एवढ्याच उंचीचा ढीग. काम झाल्यावर ट्रॉली ठरलेल्या जागी लावा, दाराच्या मधोमध नाही.

बाबागाडी, व्हीलचेअर, सायकल, वाद्यं, मोठी खोकी बहुधा या बेल्टवर येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा बेल्ट किंवा दार असतं. असं काही असेल तर आधीच पाटी शोधून ठेवा.

८. सगळे गेले, बेल्ट रिकामा, आपली बॅग नाही

पोटात गोळा येतो. तरी आधी आजूबाजूला बघा. बेल्टवर गर्दी झाली की कर्मचारी काही बॅगा उतरवून बाजूला ओळीने लावतात. शेजारच्या बेल्टवर एक नजर टाका. मोठ्या सामानाच्या दारापाशी जा. विचित्र आकाराच्या किंवा सैल पट्ट्यांच्या बॅगा तिकडून येतात. स्क्रीनवर शेवटची बॅग आल्याची सूचना नसेल तर बेल्ट नुसता थांबलेलाही असू शकतो, पुढची गाडी यायची असते.

तरीही नाही, तर हॉलमधून बाहेर पडू नका. एकदा बाहेर गेलात की पुन्हा आत यायची मुभा बहुतेक ठिकाणी नसते. विमान कंपनीच्या सामान-तक्रार काउंटरवर जा. दोन-तीन कंपन्यांच्या विमानांतून आला असाल तर सहसा शेवटच्या विमानाची कंपनी तक्रार घेते. तिथे जो अर्ज भरतात त्याला पीआयआर म्हणतात. त्याचा क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. तीन अक्षरं विमानतळाची, दोन विमान कंपनीची आणि पुढे पाच आकडे, असा तो क्रमांक असतो, आणि जगभरच्या बऱ्याच कंपन्या त्यावरून वर्ल्डट्रेसर नावाच्या प्रणालीत बॅग शोधतात.

इथे मघाचा फोटो काढा. "काळी, मध्यम आकाराची, चाकांची" हे वर्णन काउंटरवरची व्यक्ती दिवसभर ऐकत असते. फोटो, टॅगची पावती, आतल्या दोन-तीन वेगळ्या वस्तू आणि पुढचे काही दिवस तुम्ही असाल तिथला पत्ता, हे दिलं की काम सरळ होतं. बॅगेत एअरटॅगसारखा ट्रॅकर असेल तर तो कुठे दाखवतोय ते सांगा. आता काही कंपन्या त्याची लिंकही स्वीकारतात.

आणि काउंटरवर आवाज चढवू नका. तुमची बॅग त्या माणसाने हरवलेली नाही, पण शोधणार तोच आहे. दुसऱ्या विमानतळाला फोन लावायचा की नुसता अर्ज पुढे सरकवायचा, हे बऱ्याचदा त्याच्या मर्जीवर असतं. रांगेतल्या पुढच्या माणसाचं बोलणं चालू असताना मधेच "मलाही हेच विचारायचंय" असं घुसणंही तितकंच वाईट.

धीर वाटावा म्हणून एक आकडा. विमानतळांना संगणक प्रणाली पुरवणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये दर हजार प्रवाशांमागे सुमारे ६.३ बॅगांच्या बाबतीत काही ना काही घोळ झाला. २००७ मध्ये हे प्रमाण १९ च्या आसपास होतं. या घोळांतही बहुतेक बॅगा हरवलेल्या नसतात, उशिरा येतात, आणि उशिराचं मोठं कारण मधल्या विमानतळावर विमान बदलताना बॅग मागे राहणं हे असतं. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने २०१८ पासून सदस्य कंपन्यांना बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवणं बंधनकारक केलं आहे: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसरीकडे देताना आणि प्रवाशाला परत करताना. त्यामुळे "शेवटची नोंद कुठे झाली आहे?" हा काउंटरवर विचारण्यासारखा नेमका प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक देशांना १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार बॅग तुटली-फाटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर हाती आल्यापासून २१ दिवसांत. पोचायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस उलटूनही आली नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, त्याचा दर रोज ठरतो. बॅगेविना काढलेल्या दिवसांत घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपून ठेवा. गरजेच्या म्हणजे दात घासायचा ब्रश, आतले कपडे, एखादा शर्ट.

फुटलेलं चाक किंवा फाटलेली कड दिसली तर ७ दिवस आहेत म्हणून घरी जाऊन निवांत लिहू, असं करू नका. हॉलमध्येच, टॅगसकट फोटो काढा आणि काउंटरवर नोंदवा. बाहेर पडल्यावर तो ओरखडा कुठे पडला हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात येतं.

९. दुसऱ्याची बॅग घरी आलीच तर

कुलूप उघडत नाही, तेव्हा कळतं. कुलूप फोडू नका, आत हात घालू नका. टॅगवरचा दहा आकडी क्रमांक आणि फ्लाइट नंबर हाताशी घेऊन विमान कंपनीला लगेच फोन करा. मालकाचा नंबर बाहेर लिहिलेला असेल तर त्यालाही कळवा, पण बॅग मधल्या मधे कुरिअरने पाठवू नका आणि कोणाच्या हाती सोपवूही नका. तिची नोंद कंपनीकडे आहे, ती कंपनीमार्फतच परत जायला हवी. ती कशी परत करायची ते कंपनी सांगेल, आणि बऱ्याचदा विमानतळावर तुम्हालाच घेऊन जावं लागतं. तेव्हा आळस करू नका. त्या माणसाने एव्हाना पीआयआर भरलेला असतो, आणि तुमची बॅग बहुधा त्याच काउंटरमागे ठेवलेली असते.